बीजप्रक्रिया : पेरणीपूर्वीची दक्षता

पेरणीपूर्वी बियाण्यावर बुरशीनाशक, कीटकनाशक वा उपयुक्त जिवाणूंचे संवर्धन चोळणे, तसेच मीठपाण्याने किंवा उष्णतेने त्याचे शुद्धीकरण करणे, यास बीजप्रक्रिया म्हणतात. बियाण्यातून पसरणारे रोग रोखणे आणि उगवण वाढविणे हे तिचे दोन हेतू होत. कल्पना मात्र नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या कर्तव्यांचे वर्णन करताना धान्याचे बी रात्रीच्या दवात व दिवसा उन्हात ठेवण्याचा आणि उसाच्या कांड्यांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप, चरबी व शेण यांचा लेप देण्याचा निर्देश आहे.

रोगाचे बीज दाण्यावर नेमके कोठे दडले आहे, यावर उपाय अवलंबून असतो. ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले असतात. बी रुजताच बुरशी कोंबात शिरते आणि झाडाबरोबर वाढते. कणीस भरेपर्यंत पीक निरोगी दिसते आणि मग दाण्यांऐवजी काळी भुकटी हाती येते. तेव्हा फवारणीचा काहीच उपयोग नसतो. पेरणीपूर्वी किलोमागे 4 ग्रॅम 300 मेश गंधक चोळल्यास मात्र हा रोग आटोक्यात राहतो. बाजरीतील अरगट रोगाच्या विषारी पेशी वजनाने हलक्या असतात. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतले, की त्या तरंगतात. तरंगणारा भाग काढून नष्ट करावा. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. भाताचे पोचट दाणे वेगळे करण्यासाठी मिठाचे प्रमाण 10 लिटरला 300 ग्रॅम पुरते.

गव्हाच्या काजळीची बुरशी फुलोऱ्यातच दाण्यात शिरून अंकुरात सुप्त राहते. तिथवर गंधकाची पूड पोहोचत नाही. म्हणून पंजाबात 1930च्या दशकात लुथ्रा यांनी उन्हाळ्यात बी सकाळी चार तास भिजवून दुपारच्या कडक उन्हात वाळविण्याची पद्धत रूढ केली. पुढे कार्बॉक्सिनसारखी आंतरप्रवाही बुरशीनाशके आल्यावर हे काम सोपे झाले.

सोयाबीनचे टरफल अतिशय नाजूक असते. मळणीचा किंवा पोती आपटण्याचा आघातही उगवणशक्ती घटवतो. 2020च्या खरिपात मराठवाडा व विदर्भातून बियाणे न उगवल्याच्या असंख्य तक्रारी आल्या होत्या. येथे एक गोष्ट स्पष्ट असावी, कारण विक्रेते ती क्वचितच सांगतात : मृत बी औषधाने जिवंत होत नाही. त्यामुळे प्रथम 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने मोजावेत. 70 किंवा अधिक उगवले, तर बी पेरणीयोग्य समजावे. त्यानंतर कार्बॉक्सिन व थायरम यांचे संयुक्त बुरशीनाशक किलोमागे 3 ग्रॅम चोळतात. रायझोबियम व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची संवर्धने 10 किलोस प्रत्येकी 250 ग्रॅम या प्रमाणात गुळाच्या थंड द्रावणातून लावतात. क्रम महत्त्वाचा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. बी सावलीतच सुकवावे आणि लगेच पेरावे, कारण उन्हात जिवाणू मरतात. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, हेही पाकीट घेताना पाहावे लागते.

प्रक्रिया केलेल्या बियाण्याचा रंग शोभेसाठी नसतो. 1971च्या अखेरीस इराकमध्ये मिथिल पाऱ्याची प्रक्रिया केलेला गहू व बार्ली बियाणे म्हणून वाटण्यात आली. अनेक ठिकाणी ते पेरणी उलटून गेल्यावर पोहोचले. पोत्यांवरील इशारे स्थानिकांना न वाचता येणाऱ्या भाषांत होते. धुतल्यावर लाल रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असा समज झाला. विषाची लक्षणे काही आठवड्यांनी दिसत असल्याने संशयही आला नाही. त्या धान्याच्या भाकरी खाल्ल्याने अधिकृत नोंदीनुसार 6,530 जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी 459 दगावले.

भारतात 1968च्या बियाणे नियमांनुसार अशा पिशवीवर प्रक्रियेचा व रसायनाचा उल्लेख, तसेच घातक रसायन असल्यास ते बी अन्न, पशुखाद्य वा तेलासाठी वापरू नये असा इशारा बंधनकारक आहे. पेरून उरलेले रंगीत बी म्हणूनच कोंबड्यांपुढेही टाकू नये. ते घरातील धान्यापासून दूर, मूळ पिशवीतच ठेवावे.