घाटात काचेवर धुके का धरते?

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात मोटारीची पुढची काच आतून धूसर होते आणि ऐन वळणावर रस्ता दिसेनासा होतो. प्रवाशांच्या श्वासातील व ओल्या कपड्यांतील बाष्प पावसाने गार झालेल्या काचेवर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने साचते. वातानुकूलन यंत्रणा हवा कोरडी करते. म्हणून ती सुरू ठेवून झोत काचेकडे वळवावा व बाहेरची हवा आत घ्यावी. काच बाहेरून धूसर झाल्यास ती आतील गारव्याने थंड पडलेली असते. तेव्हा तापमान वाढवून वायपर चालवावेत. हीच अडचण समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनाही येते. ते मुखवट्याच्या काचेला आतून सौम्य शाम्पू चोळून ती हलकेच विसळतात. त्यामुळे थेंब न बनता पाण्याचा पातळ थर पसरतो आणि काच स्वच्छ राहते.