स्पुरियस लिगुस्तिनस : एका रोमन शतनायकाचा संसार

एकाच पोथीच्या आधारानें एखाद्या पुरुषाचें चरित्र उभें करण्याचा प्रसंग संशोधकांस नवा नाहीं. रोमचा शतनायक स्पुरियस लिगुस्तिनस ह्याची हकीकत अशाच एका पोथीमुळें वांचली आहे. लिव्हीच्या रोमेतिहासाचे ४१ ते ४५ हे भाग इ. स. च्या पांचव्या शतकांतील एकाच चर्मपत्री पोथींत मिळतात. ती जर्मनींतील लोर्श येथील मठांत १५२७ सालीं सिमोन ग्रिनेयस ह्यास सांपडली. १५३१ सालीं बाझल येथें तिच्यांतील मजकूर छापून निघाला. पोथी हल्लीं व्हिएन्ना येथें आहे. तिचीं कांहीं पानें गहाळ आहेत. पण ४२ व्या भागांतील आमच्या कामाचें प्रकरण सुदैवानें शाबूत आहे.

प्रसंग इ. स. पू. १७१ चा. मॅसिडोनियाचा राजा पर्सियस ह्याच्याशीं युद्ध जुंपलें असतां जुन्या शिपायांची फिरून भरती चालली होती. पूर्वीं अग्रशतनायकाचा मान भोगलेल्या २३ जणांनीं, आपणांस खालच्या दर्जावर घेतात, अशी दाद ट्रिब्यूनांकडे मागितली. लिगुस्तिनस त्यांपैकींच एक. वय पन्नाशी उलटलेलें, चाकरी २२ वर्षांची, शौर्याबद्दल ३४ बक्षिसें, आणि नागरिकाचा प्राण वांचविणारास मिळणारे ओकच्या पानांचे सहा मुकुट !

परंतु सभेपुढें बोलतांना तो आरंभ करतो तो घरापासून. बापानें मागें ठेविली एक युगेर, म्हणजे सुमारें २५ गुंठे, जमीन आणि एक झोंपडी. त्याच झोंपडींत तो जन्मला व तेथेंच अद्याप राहतो. बायको सख्ख्या चुलत्याची मुलगी. (सगोत्र विवाहाचें नांव ऐकून कानांवर हात ठेवणारा आमचा वाचक येथें थबकेल; त्या काळच्या रोमकांत असा विवाह होई, ह्याचा हें स्थळच पुरावा होय.) स्वतंत्र कुळांतील जन्म व शील ह्यांवांचून तिनें माहेराहून कांहीं आणलें नाहीं, हें तो अभिमानानें सांगतो. सहा मुलगे, दोन मुली. मुलींचीं लग्नें झालेलीं, चार मुलगे वयांत आलेले.

ह्या पुरुषास शेतकरी शिपायाचा नमुना मानण्याची वहिवाट आहे. आम्हांस ती पटत नाहीं. दहा तोंडें २५ गुंठ्यांवर कशीं पोसावीं ? फिलिपशीं झालेलें युद्ध संपून सुटका होतांच तो इ. स. पू. १९५ त केटोबरोबर आपखुशीनें स्पेनांत गेला. पुढें अँटायोकसवरील स्वारींतही तसाच. फुल्व्हियस फ्लॅकस ह्यानें इ. स. पू. १८० त केलेल्या विजयोत्सवांत शिपायास ५० दिनारियस व शतनायकास त्याच्या दुप्पट मिळाले. (आमच्या संस्कृत ग्रंथांतील 'दीनार' तो हाच.) त्या उत्सवास फ्लॅकसनें निवडून आणलेल्यांत लिगुस्तिनस होता. झोंपडींतील चूल शेतावर नव्हे, तर असल्या प्राप्तीवर पेटत असली पाहिजे.

भाषणाचा साज लिव्हीचा, हें उघड आहे. तो दीडशें वर्षांनीं लिहीत होता. तथापि जमिनीचा आंकडा आम्ही खरा धरतों. रचावयाचाच असता, तर रोम्युलसनें वांटल्याचें सांगतात ते दोन युगेर आयते हाताशीं होते.

आपल्या ऐवजीं चार शिपाई देतां येतात, तेव्हां सुटका मागणें न्याय्य ठरेल, असें तो म्हणतो. मात्र मागत नाहीं. कॉन्सल लिसिनियस त्यास सेनेटांत घेऊन गेला. तेथें त्याचे आभार मानले गेले, व पहिल्या पलटणींत त्यास अग्रशतनायकाची जागा मिळाली. बाकीच्यांनीं आपली तक्रार सोडून दिली.