दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही

परवा नरखेडला घरी गेलो होतो. माळा आवरताना बाबांची जुनी गुंडाळी सापडली. ट्रेसिंग पेपरच्या चार शीट, कडा पिवळ्या पडलेल्या. बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन. एका शीटवर भिंती, दुसरीवर पाया, तिसरीवर नळ, चौथीवर वायरिंग. चारही एकावर एक ठेवल्या की अख्खं घर. नळ नको असतील तर ती शीट उचलायची, बस्स!

मी बघतच राहिलो. पुण्यात इतकी वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून मी तरी दुसरं काय करतोय? मॉडेलचा हवा तो भाग निवडायचा, नको तो लपवायचा. शीट उचलण्याऐवजी कमांड टाइप करतो, एवढाच फरक.

या लपवाछपवीचा इतिहास गमतीशीर आहे. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंडने 'स्केचपॅड' हा प्रोग्राम तयार केला. पडद्यावरच्या रेघेवर लाइट पेन रोखला की नेमकी तीच रेघ निवडली जायची. त्याच वर्षी तिथल्याच लॉरेन्स रॉबर्ट्सने घनाकृतीच्या मागच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा कॉम्प्युटरकडून आपोआप लपवून घेतल्या. प्रश्न वाटला त्यापेक्षा चिवट होता. १९७४ साली सदरलंडने दोघा सहकाऱ्यांबरोबर अशा लपवण्याच्या दहा पद्धतींची तुलना करणारा निबंध लिहिला.

पण हे झालं यंत्राचं लपवणं. माणसाचं लपवणं वेगळं. समोर आहे, दिसू शकतं, पण आत्ता नकोय! १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड आलं आणि बाबांच्या शीट पुढे त्यात 'लेयर' होऊन बसल्या. त्यातही एक मेख आहे. लेयर 'ऑफ' केला तर तो दिसत नाही, पण 'इरेज'ला 'ऑल' असं उत्तर दिलं की त्या न दिसणाऱ्या रेघाही पुसल्या जातात. 'फ्रीझ' केलेला लेयर मात्र वाचतो. हे माहीत नसलेल्या माणसाचं काय होतं, ते सांगायला नकोच.

माझी फजिती वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. जॉन स्वॉन्सन नावाच्या इंजिनिअरने नोकरी सोडली आणि १९७० साली पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या शेतघरातून कंपनी सुरू केली. तिचं 'ॲन्सिस'. त्यात 'ईसेल' कमांडने मॉडेलचे हवे तेवढे तुकडे निवडता येतात. बाकीचे पडद्यावरून जातात. पण इथे निवडणं म्हणजे नुसतं दाखवणं नव्हे. न निवडलेले तुकडे गणितातूनही बाहेर राहतात! म्हणून सोडवायला देण्याआधी 'ऑलसेल' लिहून सगळं परत आत घ्यायचं असतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ते विसरलो. एका ब्रॅकेटचा आतला भाग बघायला बाकीचं काढून ठेवलं होतं. वॉर्निंग आली, मी न वाचता ओके केलं. उत्तर इतकं छान आलं की मी खुशीत चहाला गेलो. सीनिअरनी आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, "वजन कुठे गेलं रे?" निम्मं मॉडेल गणितात नव्हतंच. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर... असो.

संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. शीट नीट लावत म्हणाले, "अन् मोवाडले नदी कोनत्या शीटवर होती, सांग बरं?"

मोवाड आमच्याच तालुक्यातलं, वर्धा नदीकाठचं. ३० जुलै १९९१ ला नदी गावात शिरली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडे अजून कुणी त्या दिवसाबद्दल मोठ्यानं बोलत नाही. उन्हाळ्यात त्या पात्राकडे बघितलं तर ही नदी असं काही करेल हे पटतच नाही. वर्षातले कितीतरी महिने ती जणू 'ऑफ' केलेल्या लेयरसारखी असते. दिसत नाही, पण असते. हिशेबातून आपणच तिला काढून टाकतो.

बाबांनी गुंडाळी बांधली आणि माझ्याकडे दिली. म्हणाले, "ने पुन्याले. पन चारही संगच ठेवजो."