गारदी
गारदी : पेशवाईतील कवायती, बंदूकधारी भाडोत्री शिपाई. ‘पहारा’ या अर्थाच्या यूरोपीय ‘गार्द’ शब्दापासून हे नाव आले. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच सेनानी ब्यूसी याने दक्षिणेत एतद्देशीयांना पाश्चात्त्य कवायत शिकविली. तीत तयार झालेला इब्राहीमखान गारदी पेशव्यांच्या चाकरीत आला आणि उदगीर (१७६०) व पानिपत (१७६१) येथे निष्ठेने लढला. याउलट मुजफ्फरखान गारदी याने १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊवर मारेकरी घातला व त्यापायी तो देहांत शिक्षेस पात्र ठरला. गारद्यांना वतन वा जहागीर नसे; त्यांची निष्ठा रोख पगारावर अवलंबून असे. पगार तुंबला, की ती डळमळे.

या व्यवस्थेतील धोका ३० ऑगस्ट १७७३ रोजी उघड झाला. गणेशोत्सवाच्या दिवसांत सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ यांच्या गारद्यांनी थकलेल्या पगाराच्या निमित्ताने शनिवारवाड्यात शिरून अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा वध केला. तो चुलते रघुनाथराव यांच्या आश्रयास धावला होता. तुळाजी पवार हाही कटात सामील होता. हुकूमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची व ते आनंदीबाईने केल्याची आख्यायिका लोकप्रसिद्ध आहे. तथापि तीस समकालीन पुराव्याचा निर्णायक आधार नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावास दोषी ठरविले व पद सोडले. पुढे बारभाईंनी काही मारेकऱ्यांना देहांत शिक्षा दिली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेला. त्यातून उद्भवलेले पहिले इंग्रज-मराठे युद्ध सालबाईच्या तहाने (१७८२) संपले.

भाडोत्री सैन्याचा प्रश्न पुण्यापुरता नव्हता. आजचा वर्धा जिल्हा ज्यांच्या राज्यात मोडत असे, त्या नागपूरकर भोसल्यांची भिस्त अरब शिपायांवर होती. सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) राजा शरण गेला, तरी अरबांनी नागपूर शहर लढवत ठेवले व अटी मान्य झाल्यावरच ते सोडले. म्हणजे राजाची आज्ञा त्यांना बांधू शकली नाही.

नारायणरावाच्या वधावर कृ. प्र. खाडिलकरांचे भाऊबंदकी (१९०९) हे नाटक व प्रभात कंपनीचा रामशास्त्री (१९४४) हा चित्रपट आधारित आहे. चित्रपटात गजानन जागीरदारांनी रामशास्त्रींची भूमिका केली. अशा कलाकृतींमुळे मराठीत ‘गारदी’ म्हणजे विकत घेतलेला मारेकरी हा अर्थ रूढ झाला. इब्राहीमखानाचे चरित्र पाहता तो एकांगी होय. दोष शिपायांइतकाच, त्यांचे वेतन थकविणाऱ्या व घरातील तंट्यात त्यांचा वापर करणाऱ्या धन्यांचाही होता.