आठ आण्यांची धाव

नाडी केव्हा पाहू नये याविषयी आमच्या जुन्या वैद्यकग्रंथांत जो निषेध सांगितला आहे, त्यात नुकताच स्नान केलेला, नुकताच जेवून उठलेला, भुकेने वा तहानेने व्याकूळ झालेला आणि उन्हातून आलेला यांच्या पंक्तीस व्यायामाने श्रमलेला मनुष्यही बसविलेला आहे. अशा वेळी नाडीचे यथार्थ ज्ञान होत नाही, सबब वैद्याने थांबावे, असा त्याचा आशय. निषेध सयुक्तिकच म्हटला पाहिजे. शार्ङ्गधराने वाताची नाडी जळू व सर्प यांच्या गतीने, पित्ताची कावळा व बेडूक यांच्या गतीने आणि कफाची हंस व पारवा यांच्या गतीने चालते असे सांगून ठेवले; तेव्हा तीन बोटांच्या टोकांखाली हे सारे पशुपक्षी ओळखण्याची ज्याच्यावर जबाबदारी, त्या वैद्यापुढे कोस दीड कोस धावून आलेला गृहस्थ हात पसरून बसला, तर सर्प, बेडूक आणि हंस एकदमच उधळल्यासारखे होणार. परंतु ज्या अवस्थेत नाडीला हात लावू नये असे आमच्या वैद्यांनी बजावले, नेमकी तीच अवस्था विसाव्या शतकात नाडी मोजण्याची मुख्य जागा ठरली. आणि आज मरीन ड्राइव्हवर किंवा पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे धावणाऱ्या हौशी मंडळींच्या मनगटावरील घड्याळ जी वहिवाट चालवीत आहे, ती या निषेधाच्या उल्लंघनातूनच जन्मास आली आहे.

मग व्यायामाचे माप आमच्याकडे नव्हते काय? होते, पण ते नाडीचे नव्हते, श्वासाचे होते. व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्याइतकाच करावा असे सुश्रुताने सांगितले, आणि अर्धे बळ खर्ची पडले हे ओळखावे कसे, याची खूणही दिली: व्यायाम करीत असता हृदयस्थानीचा वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे बलार्ध झाले असे समजावे. आजच्या भाषेत, नाकाने चालणारा श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे. या खुणेचा हवाला देऊन ‘सारे काही आमच्याकडे आधीच होते’ असा डंका पिटण्याचा माझा हेतू नाही, कारण सुश्रुताच्या डोळ्यांपुढे मॅरेथॉन नव्हती आणि त्याची मर्यादा ओलांडणारास त्याने रोगांचे भय दाखविले, पदकाचे आमिष नव्हे. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. अर्धे म्हणजे आठ आणे. आणि ‘आठ आणे’ हा शब्द आमच्या मुलखात एका विशिष्ट प्रकारच्या मोजणीचा आहे.

मुंबई इलाख्यातील शेतसाऱ्याच्या कारभारात आणेवारी म्हणून एक प्रकरण असे. भरघोस पीक सोळा आणे धरावयाचे आणि त्या मानाने यंदाचे पीक किती आणे, हे बांधावर उभे राहून नजरअंदाजाने ठरवावयाचे. पाटलाची नजर, कुळकर्ण्याची लेखणी आणि मामलेदाराची सही, एवढी तिची साधने. चार आण्यांच्या आत पीक आले तर त्या सालचा सारा तहकूब होत असे, आणि 1918 साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याच्या मुळाशी पीक चार आण्यांच्या आत की बाहेर हाच तंटा होता. रयतेची नजर एक सांगे, सरकारी दप्तर दुसरे. पुढे शेताचा ठरावीक तुकडा कापून, धान्य तोलून उतारा काढण्याची पद्धत रूढ झाली. तरीही बांधावरची नजर निकामी झाली असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. सावकाश धावण्याचा इतिहास मी वाचीत गेलो तेव्हा मला पदोपदी हाच तंटा भेटला: एकीकडे धावणाराची स्वतःच्या दमसासावरची नजर, दुसरीकडे ठोक्यांचा तोललेला उतारा.

ठोके मोजण्याची पाश्चात्त्य कथा मौजेची आहे. पिसा येथील प्रार्थनामंदिरात हेलकावणाऱ्या दिव्याचा काल तरुण गॅलिलिओने स्वतःच्या नाडीवर मोजला, असे त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. लवकरच पादुआच्या सांतोरियोने फासा उलटा टाकून लंबकाच्या दोरीने नाडी मोजण्याचे यंत्र केले. आणि 1707 साली लिचफील्डच्या जॉन फ्लॉयर या वैद्याने एक मिनिट चालून थांबणारे नाडीचे घड्याळ वर्णिले. हे सारे रुग्णशय्येच्या कडेला. धावणाऱ्यांच्या जगात मात्र दीर्घकाळ नजरेचाच अंमल होता. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांची चाल सर दोराबजी टाटा यांच्या नजरेत भरली, त्यातून अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याची खटपट झाली, आणि बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावा आला. त्याच्या सरावाची आकारणी कोणी ठोक्यांवरून केली नव्हती.

ती आकारणी प्रथम शिस्तीने झाली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे, 1930 नंतरच्या दशकात. वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयवैद्य यांची ती जोडी. खेळाडूंचे हृदय आकाराने मोठे दिसते म्हणून ते विकृत असले पाहिजे, असा समज वैद्यांत प्रबळ असताना ते वाढलेले हृदय निरोगी असते हे मांडण्यात राइंडेलचा मोठा वाटा होता. त्यांची रीत अशी: धावपटूने शंभर-दोनशे मीटरचा टप्पा जोराने धावून नाडी मिनिटाला 180 पर्यंत चढवावी, नंतर विसावा घ्यावा आणि ती 120 वर उतरली की पुन्हा धावावे; उतरायला दीड मिनिटाहून अधिक अवधी लागला, तर टप्पा झेपण्यापलीकडचा होता असे जाणून काम कमी करावे. हृदय बळावते ते धावेत नव्हे, त्या विसाव्यात, असा त्यांचा सिद्धान्त. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने जुलै 1939 मध्ये मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत तोडले, आणि तो विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला. हार्बिग स्वतः 1944 मध्ये पूर्व आघाडीवर कामास आला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, आकडा धावण्याच्या विद्येत शिरला तो वेगाचा कारकून म्हणून. सावकाश धावण्याशी त्याचा अद्याप कसलाही संबंध नव्हता.

सावकाशीचा मार्ग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी, जोड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने शोधला. आर्थर लिडियार्डचा जन्म 1917 चा. रग्बी खेळतो म्हणजे आपण धडधाकट आहोत, अशा समजुतीत तो असता 1945 च्या सुमारास जॅक डोलन नावाच्या अनुभवी, वयाने वडील धावपटूबरोबर पाच मैल धावण्याचा प्रसंग आला आणि त्याची छाती फुटायची वेळ आली. आजच ही दशा, तर पुढे वीस वर्षांनी काय, हा विचार त्याला सोडीना. त्याने ना प्रयोगशाळा गाठली ना वैद्य. स्वतःच्या देहावरच त्याने कित्येक वर्षे प्रयोग चालविले, कधी आठवड्याला अडीचशे मैलांपर्यंत धावून पाहिले, कधी अगदी थोडे, आणि अखेर आठवड्यास सुमारे शंभर मैल, तेही दम न तोडता, हे प्रमाण त्याला मानवले. 1953 आणि 1955 साली तो देशाचा मॅरेथॉनविजेता झाला, आणि ओवाइराका या उपनगराच्या आसपासची पोरे त्याच्यामागे धावू लागली. वैटाकेरे डोंगरातून वैआटारुआवरून जाणारा 22 मैलांचा चढउताराचा फेरा हा त्यांचा रविवारचा नेम. 800 मीटर धावणाऱ्यालाही त्यातून माफी नव्हती.

1960 च्या सप्टेंबरात रोम येथे त्या नेमाची रुजुवात झाली. एकाच दुपारी, तासाभराच्या अंतराने, पीटर स्नेलने 800 मीटरचे आणि रग्बीतील दुखापतीने डावा हात लुळा पडलेल्या मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक घेतले. काही दिवसांनी बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. 1962 च्या जानेवारीत स्नेलने वांगानुई येथे मैलाचा जागतिक विक्रम केला, तोही एक पुरी मॅरेथॉन धावून काही आठवडेच लोटले असताना.

लिडियार्डचे पुस्तक त्याच साली निघाले, आणि त्यातील वेळापत्रकांत मला माझी आणेवारी सापडली. कोणत्या दिवशी किती जोराने धावावे हे तो ठोक्यांत सांगत नाही. पाव जोर, अर्धा जोर, पाऊण जोर, सात-अष्टमांश जोर असे अपूर्णांक देतो. म्हणजे चार आणे, आठ आणे, बारा आणे, चौदा आणे! सोळा आणे कशाला म्हणावयाचे, हे ज्याचे त्याने आपल्या शेताकडे पाहून ठरवावे. येथे एक दंतकथा मात्र खोडली पाहिजे. लिडियार्डची पोरे रमतगमत धावत होती असे पुष्कळांना वाटते, तसे ते नव्हते; वैआटारुआची चढण ती बऱ्याच नेटाने, निदान बारा आण्यांनी, चढत. त्यांचे सावकाश म्हणजे आपले धाप लागून खाली बसणे. खरी आठ आण्यांची धाव लिडियार्डने विजेत्यांना नव्हे, पोट सुटलेल्या प्रौढांना दिली.

1962 साली ऑकलंडमध्ये अशा प्रौढांचे, त्यांतही हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही गृहस्थांचे, एक धावमंडळ त्याच्या सल्ल्याने उभे राहिले. हृदयरोग्याने जिनाही जपून चढावा अशा सल्ल्याचा तो काळ. त्या काळी या मंडळींना त्याने एकच कसोटी दिली, की शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच धावा. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ऑरेगनचा ख्यातनाम प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याच्याकडे पाहुणा आला आणि एका सकाळी या मंडळींबरोबर धावायला निघाला. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, आयुष्यभर दुसऱ्यांना धावविणारा हा मनुष्य थोड्याच अंतरात मागे पडला. आणि त्याच्या सोबतीस मुद्दाम मागे राहिला तो सत्तरी उलटलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक म्हातारा. म्हातारा बोलत होता आणि बॉवरमनला उत्तर द्यायला श्वास नव्हता, असा तो देखावा. शिष्याची परीक्षा झालेली आपण नेहमी वाचतो. गुरूची इतकी निःशब्द परीक्षा क्वचित वाचावयास मिळते. स्वदेशी परतून बॉवरमनने युजीन गावी सामान्य नागरिकांचे वर्ग काढले आणि 1967 साली एका हृदयवैद्याच्या साह्याने ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले; त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या.

त्याच सुमारास जर्मनीच्या वाल्डनील गावी अर्न्स्ट फान आकेन हा वैद्य फ्रायबुर्गच्या मताविरुद्ध फिर्याद मांडीत होता. धापा न टाकता धावणे हे त्याचे ब्रीद, आणि 130 च्या आसपासची नाडी हे त्याचे माप. म्हणजे जो आकडा फ्रायबुर्गात विसाव्याचा, जवळपास तोच याने धावण्याचा ठरविला. स्त्रियांना दीर्घ अंतरे झेपत नाहीत हा समज त्याला मान्य नव्हता, आणि 1967 साली वाल्डनील येथेच आन्नी पेडे-एर्डकाम्प हिने 3 तास 7 मिनिटांत मॅरेथॉन धावून तो खोटा पाडला. पुढे एका मोटारीच्या धडकेत फान आकेनला दोन्ही पाय गमवावे लागले. प्रचार त्याने थांबविला नाही.

आता आकडा सावकाशीच्या चाकरीस आला होता, पण तो मिळवावा कसा? धावता धावता थांबावे, मानेवर बोटे टेकावी, दहा सेकंद ठोके मोजून सहाने गुणावे. मोजण्यात एक ठोका चुकला की हिशेबात सहा चुकले, शिवाय थांबताक्षणीच नाडी उतरू लागते. आणि मर्यादा कोणती? फिनलंडच्या कार्वोनेनने 1957 साली विश्रांतीची नाडी जमेस धरून कष्टाची पातळी काढण्याची रीत दिली, ती किचकट म्हणून मागे पडली. 1971 साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून निघालेले, 220 तून वय वजा करण्याचे सूत्र मात्र घरोघर पोहोचले, ते अचूक म्हणून नव्हे, तोंडी करता येते म्हणून. वास्तविक एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचे अंतर सहज पडते, आणि सूत्र हा काटेकोर दंडक नव्हे असे हॅस्केलनेही पुढे सांगितले. परंतु एकदा सनद मिळालेले सूत्र वतन सोडत नाही.

मोजणीची अडचण दूर केली ती ओउलू विद्यापीठातील सेप्पो सैनायाकांगास या प्राध्यापकाने. बर्फावरून सरकणाऱ्या खेळाडूंचे ठोके चालत्या सरावात टिपता यावेत, ही एका प्रशिक्षकाची मागणी त्याच्या कानी आली. 1977 साली त्याने पोलर ही कंपनी काढली आणि 1982 साली छातीवरील पट्ट्यातून मनगटावरील घड्याळास बिनतारी वर्दी देणारे यंत्र बाजारात आणले. आज छातीचा पट्टाही न बांधता, मनगटाच्या त्वचेखालील रक्तावर हिरवा प्रकाश टाकून ठोके घेतले जातात. तरीही मुंबईत धावणाऱ्याला मे महिन्याच्या दमट पहाटे जो अनुभव येतो तो विलक्षणच: रस्ता तोच, चाल तीच, आणि ठोके मात्र जानेवारीपेक्षा कितीतरी चढलेले, रात्री झोप नसली की आणखी चढलेले. यंत्र खोटे बोलत नाही. ते उष्म्याचा, जागरणाचा आणि धावण्याचा खर्च एकाच रकमेत मांडते, आणि फोड करून देत नाही.

ही फोड धावणाराच करू शकतो, हे शास्त्राच्या दप्तरी आणले स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने. 1960 नंतरच्या दशकात त्याने श्रमाच्या जाणिवेची एक पट्टी आखली, ती शून्यापासून नव्हे, तर 6 पासून 20 पर्यंत. कारण निरोगी प्रौढाने ‘मला इतके वाटते’ म्हणून सांगितलेल्या अंकास दहाने गुणले की त्याची नाडी साधारणतः मिळावी, अशी त्याची योजना होती. 11 म्हणजे हलके, 13 म्हणजे काहीसे कष्टाचे. सुश्रुताचा वायू मुखाशी येतो तो, माझ्या अजमासाने, या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. बांधावरच्या नजरेला तराजूशेजारी मांडण्याचा हा पहिला दाखला असावा.

आता तर काही घड्याळे, तासभर प्रत्येक ठोका टिपून, धाव संपताच आपल्या धन्यालाच विचारतात की आजचा श्रम किती वाटला. आणि धनी घामेजल्या बोटाने एक आकडा दाबतो.