जुनी जीप उंच करायचीय? आधी पुढच्या चाकांचं काम बघा

पाणंदीतनं, ओढ्यातनं गाडी निघावी म्हणून जुनी महिंद्रा जीप, मेजर, जिप्सी किंवा पहिली थार उंच करून मोठे टायर टाकायची हौस आता गावोगावी दिसते. पैसे टायर आणि बंपरवर जातात, स्टेअरिंगच्या सांध्यांकडं फारसं कुणी बघत नाही. गाडी उंच झाली, टायर जड झाला की जास्तीचा मार नेमका याच सांध्यांवर येतो. घाटात टायरॉड एंड निसटला तर ब्रेक कितीही चांगले असोत, चाक कुठं वळेल ते तुमच्या हातात राहत नाही.

आधी प्ले तपासा

याला दोन माणसं आणि एक जॅक पुरे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. एकानं स्टेअरिंग थोडं डावीकडं-उजवीकडं हलवत राहायचं, दुसऱ्यानं पुढून वाकून स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक सांधा बघायचा. दांडी हलते पण पुढचा भाग उशिरा हलतो, तिथं झीज आहे. बॉक्स चेसीला जिथं बोल्टनं बसतो ती जागाही बघा, जुन्या जीपमध्ये तिथं चेसीला चीर पडलेली सापडते. बॉक्सच हलत असेल तर नवे टायरॉड टाकून काही उपयोग नाही.

मग एक-एक पुढचं चाक उचला. चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले लागला, तर हब बेअरिंग तरी ढिलं आहे, नाहीतर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. ओळखायची सोपी युक्ती आहे: आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. चाक आडवं धरून हलवल्यावर प्ले लागला तर टायरॉडकडं बघा.

पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात, स्टेअरिंग हातात राहत नाही, हा त्रास जीपवाल्यांना चांगला माहीत आहे. त्यावर दुकानात स्टेअरिंग डँपर खपवतात. डँपर वाईट नाही, पण झिजलेले सांधे, फाटलेले बुश आणि बॅलन्स नसलेली चाकं तशीच ठेवून तो लावला तर दुखणं नुसतं झाकलं जातं. आणखी एक चुकीची सवय म्हणजे प्ले घालवायला स्टेअरिंग बॉक्सचा ॲडजस्ट बोल्ट आवळत जाणं. जास्त आवळला की स्टेअरिंग मधोमध जड होतं आणि वळणावरून आपोआप सरळ येत नाही.

पाटे, शॅकल आणि उंची

जुन्या जीपला आणि जिप्सीला पुढंही पाटेच असतात. पाटे बसले असतील तर नवे टाका आणि दोन्ही बाजूंचे एकदम टाका. कोळशाच्या भट्टीत लाल करून कमान मारून घेतलेल्या पाट्याचं पोलादाचं पाणी उतरतं. पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर तो थोड्या दिवसांत बसतो किंवा तुटतो. यू-बोल्ट एकदा ताणले की जुने परत वापरू नयेत. रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंचीसाठी लांब शॅकल सगळ्यात स्वस्त पडतात. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच उचलते आणि वर ॲक्सल कलतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. तोच तिरकेपणा गाडीत असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. तो बिघडला की गाडी रस्त्यावर भरकटते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून तो दुरुस्त करता येतो, पण आधी मोजून घ्यायला हवा.

काही जण ॲक्सलखालचे पाटे काढून वर बसवतात. उंची चार-पाच इंच मिळते, पण ड्रॅग लिंक उतरत्या छपरासारखी तिरकी होते. मग एक चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं. म्हणून हे काम स्टेअरिंगच्या दांड्यांची मांडणी बदलल्याशिवाय करूच नये, असं आमचं मत. त्या दांड्या मात्र कापून, वेल्डिंग मारून लांब करायच्या नाहीत. असं वेल्डिंग बाहेरून चांगलं दिसतं आणि आतून तडकतं.

पहिल्या थारची गोष्ट वेगळी. २०१० साली आलेल्या त्या थारला पुढं टॉर्शन बार आहे. बोल्ट फिरवला की पुढचा भाग अर्ध्या तासात उंच, तेही फुकटात. पण त्यानं बार मजबूत होत नाही, फक्त चाकाला खाली जायची जागा कमी होते. गाडी दणके देते, बॉल जॉइंट आणि चाकाकडं जाणाऱ्या शाफ्टचे सांधे कायम वाकडे चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत माती जाते.

गाडी कुठल्याही पद्धतीनं उंच करा, ब्रेकचा होज पाइप बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. चाक पूर्ण खाली लटकवा आणि पाइप ताणतोय का ते बघा. शॉकअपचंही तेच, जुन्या लांबीचे शॉकअप ताणले जाऊन बोल्ट तोडतात.

कायदा

कंपनीनं दिलेल्या मापाचा नवा भाग टाकणं ही दुरुस्ती झाली. पण परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ चा भंग होतो, आणि कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते. बदल करायचाच तर आधी आरटीओत विचारा.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. सलग ॲक्सलच्या गाडीत टायरॉड फिरवून फक्त टो बदलतो, कॅस्टर बदलत नाही, त्यामुळं कॅस्टरही मोजून द्या असं स्पष्ट सांगा. दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळा, टायरॉडच्या नटाची स्प्लिट पिन जागेवर आहे का ते हात लावून बघा, आणि नदीच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर ज्या सांध्यांना निप्पल आहे त्यांना त्याच आठवड्यात ग्रीस मारा.