शिंपी, सायकल आणि तंबू : वजन नेमकं कुठे जातं?



सायकलवर चार-पाच दिवसांची टूर करायची ठरली, की सायकल असते, मित्र असतात, रजाही कशीबशी मिळते. घोडं अडतं ते तंबूपाशी. ऑनलाइन बघायला जावं तर एक तंबू साडेतीन किलोचा, दुसरा दीड किलोचा आणि तिसरा किलोच्याही आतला. बहुतेक वेळा वजन जितकं कमी, तितकी किंमत जास्त. मग वाटतं, पैसे साठवावेत, सगळ्यात हलका घ्यावा आणि मोकळं व्हावं.

थांबा जरा. आज आपण हलक्या तंबूचा इतिहास बघणार आहोत. गेल्या दीडशे वर्षांत ज्याने ज्याने तंबू हलका केला, त्याने प्रत्येक वेळी काही ना काही सोडून दिलं. त्याने काय सोडलं हे कळलं, की दुकानातला वजनाचा आकडा आपल्याला नीट वाचता येतो.

बैलगाडीवरचा तंबू

एकोणिसाव्या शतकात तंबू म्हटलं की तो सैन्याचा. जाड सुती कॅनव्हास, मधोमध भलामोठा लाकडी खांब, आत दहा-बारा शिपाई. वजनाची फिकीर कुणाला? तो वाहून न्यायला खेचर होतं, बैलगाडी होती, हमाल होते.

कॅनव्हासमध्ये एक गंमत होती. पाऊस पडला की सुताचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात, त्यामुळे पाणी आत येत नाही. शिवाय सुती कापडातून हवा खेळते, म्हणून आतला दमटपणा बाहेर जातो. म्हणजे पाणी आणि हवा हे दोन्ही प्रश्न एकाच कापडाने बऱ्यापैकी सोडवले होते. फक्त ते उचलायला जनावर लागायचं. आणि भिजलं की ते आणखी जड व्हायचं.

ममरीने खांब सोडला

हा बोजा पहिल्यांदा टोचला तो आल्प्समधल्या गिर्यारोहकांना. एडवर्ड व्हिम्परने 1860 च्या दशकात डोंगरासाठी एक तंबू तयार केला. दोन्ही टोकांना उलट्या व्ही आकारात बांधलेले खांब, खाली शिवलेली जमीन. तंबू भक्कम होता, पण वाहायला हमाल लागायचाच.

त्यानंतर आला आल्बर्ट ममरी. हा वाटाड्यांशिवाय चढाई करायला निघालेला माणूस, त्यामुळे सामान स्वतःच्याच पाठीवर. त्याने तंबूसाठी रेशीम वापरलं. आणि खांब? खांब त्याने घेतलेच नाहीत. हातात बर्फाची कुऱ्हाड होतीच, रात्री तीच उभी करायची आणि तिच्यावर तंबू ताणायचा. हाच ममरी पुढे 1895 मध्ये नंगा पर्वतावर गेला आणि परत आला नाही. त्याच्या तंबूचं नाव मात्र टिकलं.

आता हे आजच्या बाजारात आणा. किलोच्या आतले बरेचसे तंबू ममरीच्याच युक्तीवर चालतात. खांबाऐवजी ट्रेकिंग पोल लावायचे. ट्रेकरकडे ते असतातच, म्हणून तंबूचं वजन कागदावर कमी दिसतं. पण सायकलवाल्याकडे ट्रेकिंग पोल असतात कुठे? तुम्हाला वेगळे खांब घ्यावे लागणार, नाहीतर सायकलच उलटी करून तिच्यावर तंबू ताणायची कसरत करावी लागणार. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: आकड्यात खांब धरलेत का?

शिंप्याने माप घेतलं

आता आपल्या गोष्टीचा नायक. थॉमस हायराम होल्डिंग. जन्म 1844. लहानपणी, 1853 मध्ये, तो मोठ्या तांड्याबरोबर अमेरिकेची गवताळ मैदानं ओलांडत गेला होता. म्हणजे तंबूत राहणं त्याने अगदी पोरवयात भोगलं होतं. पुढे तो लंडनमध्ये शिंपी झाला. साधासुधा नाही बरं का, कपडे कसे बेतायचे यावर पुस्तकं लिहिणारा, लष्करी गणवेशांवर ग्रंथ लिहिणारा नावाजलेला शिंपी.

दरम्यान सायकल बदलत होती. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली: दोन सारखी चाकं, साखळी, बसायला सुरक्षित. 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. आता साध्या माणसाला दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर जाता येऊ लागलं. पण रात्री राहायचं कुठे? खाणावळीला, हॉटेलला पैसे लागतात. कारकून, दुकानात काम करणारा, शाळामास्तर यांना ते परवडणारं नव्हतं.

होल्डिंगने यावर उत्तर काढलं ते शिंप्याच्या डोक्याने. आपण कोट शिवताना माणसाचं माप घेतो, मग तंबू शिवताना का नको? झोपलेल्या माणसाला उभं राहायची उंची लागत नाही. तितकं कापड कमी. पातळ रेशीम किंवा बारीक सुताचं कापड, जोडाजोडाचे बांबूचे खांब, आणि सगळं सायकलवर मावेल अशा गुंडाळ्या. 1897 मध्ये तो मंडळींसोबत आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकल आणि तंबू घेऊन फिरून आला. पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं. ते वाचून लोक त्याच्याशी संपर्क करू लागले आणि 1901 मध्ये असोसिएशन ऑफ सायकल कॅम्पर्स उभी राहिली. सुरुवातीला वॉन्टेज गावात जमलेली मूठभर माणसं होती. आज तीच संस्था कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब या नावाने ब्रिटनमध्ये चालते. 1908 मध्ये होल्डिंगने कॅम्पिंगचं जाडजूड हस्तपुस्तकही लिहिलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हौशी कॅम्पिंगची पहिली संघटना सायकलवाल्यांची होती. तंबू हलका झाला आणि खिशात फार पैसे नसलेल्या माणसाला शहराबाहेर रात्र काढता आली. ग्रॅम मोजायची ही सवय तिथून आलेली आहे.

होल्डिंगने सोडली ती उंची. आत वाकून बसायचं, पडल्या पडल्या कपडे बदलायचे. एका रात्रीला ते चालतं. पण दिवसभर पाऊस लागला आणि तंबूतच बसून राहावं लागलं तर? म्हणून दुसरा प्रश्न: मला यात नुसतं झोपायचं आहे की बसायचंही आहे? ताठ बसल्यावर डोकं कापडाला लागतंय का, ते आतली उंची बघून आधीच ठरवा.

मोज्यांचं कापड

रेशीम महाग होतं आणि ते मोठ्या प्रमाणावर जपानमधून यायचं. 1935 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने नायलॉन तयार केलं. 1940 मध्ये त्याचे बायकांचे मोजे देशभर दुकानात आले आणि हातोहात खपले. मग युद्ध पेटलं, जपानी रेशीम बंद झालं, आणि नायलॉन मोज्यांकडून पॅराशूटकडे वळलं. पॅराशूटचं कापड एका ठिकाणी फाटलं तरी ती चीर पुढे पळू नये, म्हणून त्यात ठराविक अंतरावर जाड धागे विणले गेले. हेच रिपस्टॉप. तुमच्या तंबूवर बारीक चौकटी दिसतात ना, त्या याच.

युद्धानंतर हे कापड तंबूंकडे आलं. हलकं, मजबूत, कुजत नाही. पण सुती धाग्यासारखं ते फुगून भोकं बुजवत नाही, म्हणून त्यावर लेप द्यावा लागतो. लेप दिला की पाणी आत येत नाही, आणि हवाही बाहेर जात नाही. झोपेत एक माणूस रात्रभरात ग्लासभर तरी पाणी श्वासातून आणि घामातून बाहेर टाकतो. ते गार कापडावर जमतं आणि पहाटे टपटप अंगावर. लोक म्हणतात, तंबू गळतोय. तो गळत नसतो, आपलाच श्वास परत येत असतो.

यावर उपाय म्हणून दोन थर आले: आत जाळीचा किंवा हवा खेळणारा, बाहेर लेपाचा. सगळ्यात हलके तंबू यातला एक थर काढून टाकतात. लडाखच्या कोरड्या हवेत ते पुष्कळदा निभावतं. जुलैत ताम्हिणीत नाही निभावत. तिसरा प्रश्न हाच: मी कुठल्या हवेत झोपणार आहे?

लेपाबद्दल अजून एक. स्वस्त तंबूंना बहुधा पॉलीयुरेथेनचा लेप असतो. दमट जागी घडी करून ठेवला तर काही वर्षांत तो चिकट होतो, वास मारतो, पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं. सिलिकॉनचा लेप या बाबतीत जास्त टिकतो. मात्र सिलिकॉन लावलेलं नायलॉन पावसात थोडं सैलावतं, रात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने ताठ राहतं.

वाकणारे खांब

1970 च्या दशकात अजून दोन गोष्टी घडल्या. स्वीडनमध्ये हिलेबर्ग कंपनीने 1973 मध्ये आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना जोडून एकदमच उभा राहणारा तंबू आणला. भर पावसात तंबू लावताना आतला भाग भिजत नाही, हा त्याचा फायदा. आणि अमेरिकेत नॉर्थ फेसने 1975 मध्ये बकमिन्स्टर फुलरच्या घुमटाच्या कल्पनेवरून ओव्हल इंटेन्शन हा तंबू काढला. वाकवलेले खांब एकमेकांना छेदतात आणि तंबू स्वतःच्या जोरावर उभा राहतो.

हे आपल्याला कशाला हवं? कोकणातल्या सड्यावर जा. जांभ्याच्या कातळात खुंटी ठोकून दाखवा. तिथे खुंट्यांच्या जिवावर उभा राहणारा तंबू, मग तो कितीही हलका असो, पसरूनच राहतो. स्वतः उभा राहणारा तंबू दोन-तीनशे ग्रॅम जड असेल, पण देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात, फरशीवर कुठेही लागतो. आपल्याकडे टूरवर मुक्काम बऱ्याचदा अशाच ठिकाणी पडतो. तर चौथा प्रश्न: खाली माती असेल का?

मग घ्यायचा कोणता?

सायकलसाठी एक जास्तीची गोष्ट बघा, ती म्हणजे लांबी. बऱ्याच तंबूंचे खांब दुमडून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचे होतात आणि ते वाकड्या हँडलच्या मधल्या जागेत बसत नाहीत. सायकलसाठी काढलेल्या तंबूंचे तुकडे तीस सेंटिमीटरच्या आसपास असतात. मागे कॅरिअर असेल तर हा प्रश्न येत नाही, वर आडवा बांधून टाका. दोघं असाल तर कापड एकाकडे, खांब-खुंट्या दुसऱ्याकडे.

वजनाचे दोन आकडे दिलेले असतात, त्यातला मोठा धरा. लहान आकड्यात कधी खुंट्या नसतात, कधी पिशवी नसते. आणि पाण्याचा दाब मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, तो तळासाठी जास्त हवा, कारण आपण गुडघे टेकतो ते तळावर.

माझं मत विचाराल, तर सह्याद्रीत आणि कोकणात फिरणाऱ्या, पहिलाच तंबू घेणाऱ्याने एकट्यासाठी दीड ते दोन किलोचा, दोन थरांचा, स्वतः उभा राहणारा तंबू घ्यावा. त्याहून हलका घेण्याआधी या भागातले चार प्रश्न विचारा, आणि उत्तरं आपल्या टूरला चालणारी असतील तरच पैसे घाला.

वरंधा घाट चढताना अर्धा किलो जास्त आहे हे पायांना कळतं, खोटं कशाला बोलू. पण तो अर्धा किलो पाण्याच्या चौथ्या बाटलीतून, दुसऱ्या जीन्समधून, न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकातूनही कमी करता येतो. होल्डिंगने तंबूचं माप स्वतःच्या अंगावरून घेतलं होतं. आपणही आपलं माप आपल्या रस्त्यावरून घेऊया.

तुमच्या सायकलवर कोणता तंबू आहे आणि त्याने तुम्हाला काय सोडायला लावलं, ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर टायरमध्ये हवा भरून ठेवा!